जाड रॉड की बारीक

नातू परवा इंदूरहून आला आणि चप्पल काढायच्या आधीच माझ्यापुढे येऊन बसला. त्याच्याजवळ एक छोटी पांढरी गाडी आहे. रविवारी तो आणि त्याचे दोस्त ती कुठल्याशा मोकळ्या मैदानात नेतात आणि आडवी घसरवतात. त्याला ते ड्रिफ्ट म्हणतात. मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही गॅरेजवाले. एक बात सांगा. गाडीखालचा स्वे-बार जाडा टाकू, की आहे तोच राहू देऊ? मोबाईलवर आधे लोक हो म्हणतात, आधे म्हणतात वाट लागेल." मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. सारी जिंदगी गाड्यांखाली उताणा पडून काढली, डोळ्यांत ऑइल जाऊन जाऊन नजर अधू झाली, आणि नेमक्या याच एका सवालाचं उत्तर माझ्याजवळ नाही. बायको असती तर तिने चुलीपासूनच ओरडून सांगितलं असतं. ती होळीच्या आधी गेली. लोक भेटायला येतात, चहा पितात आणि म्हणतात, सुटल्या बिचाऱ्या. कशातून सुटली? माझ्यातून? तोंडावर बोललो तसं एकाला. तो पुन्हा आला नाही, ते बरंच झालं.

नातवाला मी म्हटलं, विचार करून सांगतो. त्याला वाटलं म्हातारा टाळून राहिला. टाळत नव्हतो. हाच सवाल मला मिसरूडही नीट फुटलं नव्हतं तेव्हा पडला होता, आणि त्यावर माझं लग्न अडलं होतं. तेव्हाचं जे आठवतं ते मांडतो. शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ ज्याचं त्याने बघून घ्यावं.

बऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात आमचं घर म्हणजे पुढच्या खोलीत कापडाचा लूम आणि मागच्या खोलीत माणसं. लूमला जागा जास्त, माणसांना कमी. दिवसभर खटखट खटखट, आमच्याच नाही, गल्लीतल्या सगळ्या घरांत. त्यामुळे आम्ही सगळे भांडल्यासारखे बोलायचो. बापाला एका कानाने ऐकूच येत नव्हतं आणि दुसऱ्याने त्याला हवं तेवढंच. लाइट गेली की सारी गल्ली एकदम गप्प व्हायची, आणि त्या गप्पपणानेच पाळण्यातली पोरं दचकून उठून रडायची. आई मग हातातलं टाकून म्हणायची, "बघा, आता ऐकू येईल सगळ्यांना, कोण काय बोलतं ते." सूत इतकं उडायचं की वरणात तंतू, पाण्यात तंतू, झोपून उठलं की पापण्यांवर तंतू. आईच्या कळण्याच्या भाकरीवर ठेचा आणि वर शेंगदाण्याचं तेल, एवढं मिळालं की मला बाकी काही नको असायचं. पण लूमवर मात्र मला बसवेना. धागा तुटला की कुठून तुटला, हा जोडू की तो जोडू, यातच माझा वेळ जाई आणि तोवर कापड खराब. बापाने दोनदा कानाखाली वाजवली आणि तिसऱ्या वेळी इच्छापूर रोडवरच्या एका गॅरेजात नेऊन सोडलं. उस्तादाला म्हणाला, "याला लोखंड द्या. लोखंड तुटत तरी नाही."

उस्ताद जाडजूड माणूस, पान खाऊन लाल झालेली दाढी, आणि प्रत्येक गाडीला शिवी दिल्याशिवाय हात लावायचा नाही. त्याच्याकडे मी नट कसायला शिकलो, नंतर इंजिन खोलायला, नंतर चालवायला. चालवताना मात्र एक नवल व्हायचं. रस्त्यात मी कुणाला विचारायचो नाही. हात आपले आपण वळायचे. गाडीतून उतरलो की पुन्हा तोच बुचकळ्यात पडलेला भागवत. चहा पिऊ की नको, हेसुद्धा मी समोरच्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचो.

माझा मामा निंबोल्याला. त्याची केळी होती, चांगली मोठी बाग. निंबोल्याच्या माणसाला तुम्ही बाजारात लांबून ओळखू शकता, कारण त्याच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग असतात, आणि ते डाग सदरा फाटला तरी जात नाहीत. मामाने कुणा ठेकेदाराची जुनी मोटार घेतली होती, गोल गोल मडगार्डाची, मागच्या चाकांवर चालणारी. ती नीट ठेवायचं काम माझं. दर आठवड्याला मी सायकल मारत निंबोल्याला जायचो. मोटारीचं काम तासाभराचं, पण मी दिवसभर थांबायचो, आणि का थांबायचो ते सगळ्या निंबोल्याला ठाऊक होतं. मामाची पोरगी कोकिळा. आमच्यात मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, असं लहानपणापासून कानावर पडलेलं. मी ते खरं धरून चाललो होतो. तिने काय धरलं होतं ते मला माहीत नव्हतं, आणि विचारायचं असतं हेही माहीत नव्हतं. मी गाडीखाली असलो की ती यायची, बोनेटवर टिचकी मारायची आणि म्हणायची, "कोण मेलं आहे का खाली? पाय तर दिसून राहिले."

आता ते घसरवण्याचं सांगतो. केळीचा घड उतरवला की खोड कापून पाडतात. त्या खोडाची सालपटं सोलली की आतून साबणासारखी बुळबुळीत. निंबोल्यातली पोरं त्यांच्यावर बसून बांधावरून घसरत खाली यायची आणि आयांचा मार खायची. मामाला काय सुचलं कोण जाणे, त्याने बाग कापून झालेल्या सपाट तुकड्यावर सालपटं अंथरली, पाणी मारलं आणि मोटार घातली. मोटार आडवी झाली, शेपूट फिरलं, मामा आत ओरडतोय की हसतोय ते कळेना. उतरला तेव्हा टोपी कुठे गेली ते सापडेना. त्या दिवसापासून जिथे बाग कापली जाई तिथे मामाची मोटार फिरे, आणि पुढे पुढे मामाच्या जागी मी. तोंड आत, शेपूट बाहेर, अशी एका जागेभोवती गोल घसरवत न्यायची. मला ते जमायचं. का जमायचं ते सांगता यायचं नाही.

उन्हाळ्यात बातमी आली की कोकिळेला खंडव्याहून स्थळ आलंय. कचेरीत कारकून, घरचं बरं. आई तडक निंबोल्याला गेली आणि भावाला म्हणाली, "भाऊ, माझ्या पोराचं काय?" मी अंगणात मोटार धूत होतो. मामा मोठ्याने बोलला, मला ऐकू यावं म्हणूनच बोलला. "अक्के, पोरगा वाईट नाही. पण त्याच्यात हिंमत कुठे आहे? चौकात उभा राहून विचारतो, उजवीकडे जाऊ की डावीकडे. उद्या माझी पोरगी आजारी पडली तर हा दवाखान्यात नेऊ की नको, हे गल्लीला विचारत बसेल." आई म्हणाली, "गाडीत बसला की नाही विचारत." मामाला जोर चढला. तो म्हणाला, "बरं. मग गाडीतच बघू. आखाजीला खंडव्याचे पाहुणे जेवायला बोलावलेत. पितरांची घागर मी मधोमध ठेवतो. तिच्याभोवती तीन फेरे, गाडी आडवी, कुठे थांबायचं नाही, घागरीला धक्का लागायचा नाही. केलंस भाच्या, तर खंडवा परत जाईल. पितरांची शपथ."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावाने घागर भरतात. तिच्या पाण्यासमोर बोललेला शब्द मोडत नाहीत. मामी घाबरून म्हणाली, "अहो, पितरांची घागर मोटारीपुढे?" मामा म्हणाला, "सकाळी पूजा होते. दुपारी पितर काय करतात? झोपतातच ना?"

कोकिळा ओट्यावर कुरडया घालत होती. तिने मान वर केली नाही. मी गेलो तिच्याकडे, छाती फुगवून. ती म्हणाली, "मी काय घागर आहे का? जो धक्का न लावता फिरेल त्याची?" मला वाटलं ती मस्करी करतेय. मी हसलो. ती नाही हसली.

मोटारीच्या पोटाखाली एक आडवा रॉड असतो. डाव्या चाकाला उजव्या चाकाशी बांधतो. गाडी वळणात एका अंगाला झुकली की हा रॉड पिळला जातो आणि तिला परत सरळ ओढतो. नातवाचा स्वे-बार तो हाच. मामाच्या मोटारीचा मागचा रॉड बारीक होता आणि मोटार झुकायची फार, नावेसारखी. दोन फेऱ्यांनंतर तिचा झोक हाताबाहेर जायचा. तिसरा फेरा मी कधी नीट केलाच नव्हता. उस्तादाला दाखवलं. त्याने खाली वाकून बघितलं, थुंकला आणि म्हणाला, "छोरे, पीछे मोटा डाल. मोटा रॉड डालेगा तो गाडी सपाट रहेगी, पूंछ मक्खन जैसी घूमेगी." मी खूश. मामाचा थोरला पोरगा वसंता तंत्रनिकेतनात शिकत होता. तो म्हणाला, "मागे जाड टाकशील तर आतलं चाक उचलेल भाऊ. पुढे टाक." मी उस्तादाकडे परत. उस्ताद म्हणाला, "आगे डालेगा तो गाडी सीधी जाएगी, सीधी, तेरे मामा के कुएँ में." मी वसंताकडे परत. वसंता म्हणाला, "मग काहीच बदलू नको." उस्ताद म्हणाला, "नहीं बदलना तो मेरे पास आया क्यूँ?" मामा म्हणाला, दोन्हीकडे जाड टाक, काय बिघडतं. बाप म्हणाला, लूममध्ये शाफ्ट बारीक असला की कापड वाकडं येतं, तेव्हा जाडच. आई म्हणाली, लिंबू-मिरची बांध.

प्रत्येकाचं ऐकताना मला ते बरोबर वाटायचं. दुसऱ्याचं ऐकलं की दुसऱ्याचं. आजही मला कळत नाही की दोन उलट गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतात. आता बघा ना, बायकोच्या वेळी एक डॉक्टर म्हणाला ऑपरेशन करा, दुसरा म्हणाला या वयात नको. मी दोघांनाही मान डोलावली. शेवटी तिनेच सांगितलं, नको, मला घरी न्या. तिचं बरोबर होतं की चूक, कोण सांगणार? मी कुणाला विचारू?

मग मी कोकिळेलाच विचारलं. विहिरीवर ती धुणं आपटत होती. मी सगळं सांगितलं, उस्ताद हे म्हणतो, वसंता ते म्हणतो. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "आणि तुला काय वाटतं?"

"उस्ताद म्हणतात की..."

"उस्तादाला नाही विचारलं मी."

ती पुन्हा धुणं आपटायला लागली, आधीपेक्षा जोरात. माझ्या अंगावर पाणी उडत होतं, तरी मी तिथेच उभा. शेवटी म्हणालो, "तू सांग ना." ती म्हणाली, "मी सांगेन आणि तू करशील, आणि बिघडलं की म्हणशील कोकिळेने सांगितलं. जा."

आता चूक कशी झाली ते ऐका. अशी चूक बऱ्हाणपूरवालाच करू जाणे. आमच्या गावात काहीही तुटलं की लूमचं लोखंड लावतात. झोपाळ्याला लूमचा शाफ्ट, विहिरीच्या रहाटाला लूमचा शाफ्ट, एका मंदिराची घंटासुद्धा लूमच्या शाफ्टाला टांगलेली मी बघितली आहे. बापाने एक जुनं लूम मोडलं होतं. त्याचा शाफ्ट कोपऱ्यात पडलेला, दोन बोटं मिळून होईल एवढा जाड, चकचकीत. बाप म्हणाला, "घेऊन जा. असं लोखंड आता मिळत नाही." उस्तादाने तो हातात तोलला, ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाला, "वाह." लोहाराकडे नेऊन लाल होईस्तोवर तापवला, जुन्या रॉडाच्या आकाराला वाकवला, आणि पाण्यात न बुडवता मातीत थंड होऊ दिला. मोटारीचा रॉड स्प्रिंगच्या पोलादाचा असतो, पिळला की परत येतो. लूमचा शाफ्ट फिरण्यासाठी असतो, पिळण्यासाठी नाही. हे उस्तादाला ठाऊक नसेल? ठाऊक असणारच. पण लूमच्या लोखंडावर आमच्या लोकांचा असा भरवसा की ते शंका घेतच नाहीत. मीही घेतली नाही. उलट जाड टाकायचं की बारीक, याचं उत्तर आपोआप मिळालं म्हणून मला हलकं वाटलं. शाफ्ट होता म्हणून टाकला. ठरवलं असं मी काही नाहीच.

आखाजीच्या सकाळी निंबोल्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आखाजीला लेकी माहेरी येतात. माझी आईसुद्धा तिथे माहेरवाशीण, दोन दिवस आधीच आलेली, आणि तिच्या तोंडावर घरी कधी दिसत नाही असं हसू. मामीने खापरावर मांडे टाकले होते, हातरुमालाएवढे नाहीत, परातीएवढे, इतके पातळ की आरपार मामी दिसावी. आमरसाच्या बादल्या, कुरडया, सांडग्या मिरच्या. खंडव्याचे पाहुणे बाजेवर बसून जेवत होते. तो कारकून पोरगा गोरा, चष्म्याचा, रस खाताना मनगटाला लागू नये म्हणून बाही दुमडून बसलेला. मला तो वाईट वाटेना, याचाच मला राग आला. वाईट असता तर सोपं गेलं असतं. मी एक मांडा खाऊन उठलो.

दुपारी सगळे त्या सपाट तुकड्याच्या बांधावर जमले. बाया आंब्याच्या झाडाखाली, झोक्यापाशी. सालपटं अंथरून पाणी मारलेलं. मामाने स्वतः डोक्यावरून घागर आणली, मधोमध ठेवली, हात जोडले. उस्ताद बऱ्हाणपूरहून खास आलेला, बांधावर उकिडवा बसून पान लावत होता. वसंता माझ्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "आतलं चाक सांभाळ." उस्ताद लांबून ओरडला, "डर मत, मोटा है!"

मी गाडी घातली. पहिला फेरा, काय सांगू. गाडी झुकलीच नाही. शेपूट असं फिरलं की जणू कुणी हाताने ढकलून राहिलं. चिकाचे शिंतोडे बांधापर्यंत उडाले, लोकं मागे सरली. घागर माझ्या उजव्या खिडकीत स्थिर होती, आणि तिच्याभोवती सारं निंबोलं गोल फिरत होतं, बांध, आंबा, पांढऱ्या टोप्या, पुन्हा बांध. दुसऱ्या फेऱ्यात मला वाटलं, हे झालं. मी मनातल्या मनात खंडव्याच्या पाहुण्यांना मोटारीत बसवून स्टेशनावर सोडूनही आलो. आणि तिसरा फेरा अर्धा झाला असेल नसेल, तेवढ्यात सालपटं फाटून खालची कोरडी माती वर आली. बाहेरच्या चाकाने माती धरली आणि आतलं मागचं चाक जमिनीवरून उचललं. हवेत भणभण फिरायला लागलं. ज्या चाकाखाली जमीन होती ते उभं, आणि इंजिनाचा सगळा जोर त्या हवेतल्या चाकाला. मी दाबतोय, इंजिन ओरडतंय, गाडी सरकतेय थोडी थोडी, जरा आणखी, आणि थांबली. बोनेटमधून वाफ. रॉड पिळला गेला होता आणि तो परत आलाच नाही. गाडी मागून एका अंगाला वर, एका अंगाला खाली, पाय मुडपून बसलेल्या म्हशीसारखी.

घागर जशीच्या तशी उभी.

सगळेच एकदम बोलायला लागले. मामा म्हणाला, "तीन नाही झाले." एक म्हातारा म्हणाला, "झाले की! तो आंब्यापासून निघाला होता, आंब्यापाशी थांबला." दुसरा म्हणाला, "आंब्यापासून नाही, विहिरीपासून निघाला. अडीच झाले." "पण घागर तर उभी आहे ना?" "घागर उभी असून काय उपयोग, गाडी पण उभीच आहे!" उस्ताद वसंताच्या अंगावर धावून गेला, "तूने नजर लगाई!" वसंता म्हणाला, "मी तर आधीच सांगितलं होतं." मामाच्या तोंडावर घाम. शपथ घेऊन बसला होता, आणि आता ती पाळायची म्हणजे कुणीकडून पाळायची ते त्याला कळेना. शेवटी त्याने खंडव्याच्या पोराकडे बघितलं, आता हाच काय तो तटस्थ माणूस म्हणून. त्या पोराने चष्मा पुसला आणि म्हणाला, "मला तर तीन दिसले." का म्हणाला? त्याला कोकिळा नको होती? की माझी दया आली? की खरंच तीन दिसले? मी इतकी वर्षं विचार करतोय. त्याच्या बापाने त्याच्याकडे असं बघितलं की पोरगा पुन्हा आमरसाकडे वळला. मी स्टिअरिंग धरून तसाच बसलेलो. मलाही कळत नव्हतं की मी जिंकलो की हरलो.

तेवढ्यात कोकिळा बांध उतरून आली. सालपटांवरून घसरत, तोल सावरत, लुगड्याचा काठ चिकात. कुणाला वाटलं माझ्याकडे येतेय. ती सरळ मधोमध गेली, घागर उचलून कमरेवर घेतली आणि मोटारीपाशी आली. मला म्हणाली, "उतर. झाकण उघड. गाडी जळून राहिली आहे आणि तुम्ही फेरे मोजता." मी फडक्याने झाकण सोडलं, वाफ भसकन वर गेली. उस्ताद ओरडला, "धीरे बेटी, धीरे, इंजन चालू रख के!" ती हळूहळू पितरांचं पाणी रेडिएटरमध्ये ओतत गेली. आंब्याखालून मामीचा आवाज आला, "अगं बाई! पितरांचं पाणी मोटारीला पाजलं!"

मामा धावत आला. "कोकिळे, शपथ होती त्या घागरीची!"

ती म्हणाली, "आबा, पितरांनी किती फेरे मोजले ते पितरांना ठाऊक. मला कुणी मोजायला सांगितलं नव्हतं, मी मोजले नाहीत. खंडव्याला मी जात नाही. पाहुण्यांना रस वाढा, त्यांचा काही दोष नाही. आणि याच्याकडे जाईन का नाही, ते याने मला विचारलं म्हणजे सांगेन. आजपर्यंत विचारलं नाही याने."

सगळा बांध माझ्याकडे बघायला लागला. मामा, उस्ताद, वसंता, तो चष्मेवाला. काय विचारायचं ते मला ठाऊक होतं, एवढाही मी येडा नव्हतो. पण तोंड उघडलं आणि आतून निघालं, "कोकिळे, हा जाड रॉड काढू की राहू देऊ?"

काय हसले लोक. एक म्हातारा हसता हसता बांधावरून खाली आला. उस्तादाने कपाळावर हात मारला, "या अल्लाह, यह छोरा!" माझ्या कानातून वाफ निघत असेल. नातवाला मी हे सांगितलेलं नाही, हसेल म्हणून नाही, तर त्याला रॉडचं उत्तर मिळायचं नाही म्हणून. तो बारीक असता तर तिसरा फेरा झाला असता का? चांगल्या पोलादाचा जाड असता तर? की माती कोरडी होती म्हणून? मला खरंच माहीत नाही रे बाबा. तुझ्या मोबाईलवाल्यांनाही नसेल.

कोकिळा हसली नाही. तिने रिकामी घागर खाली ठेवली, वाकून त्या वाकड्या बसलेल्या गाडीच्या मागे बघितलं, मामाने कधी बघितलं नसेल इतक्या बारकाईने. मग म्हणाली, "काढ." आणि मी पाना शोधायला वळलो तशी जरा हळू आवाजात, "आधी आईला घेऊन ये तुझ्या. तिच्यासमोर विचार. एकटा असलास की तू पुन्हा मोटारीचंच काही विचारशील."

मी पळालो. आंब्याखाली झोका चालू होता आणि झोक्यावर माझी आई, दुसऱ्या एका माहेरवाशिणीबरोबर उभ्याने, पदर खोचून, फांदीला पाय लागतील एवढी उंच. लोधीपुऱ्यात मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. मी खालून ओरडलो, "आई!" ती वरून ओरडली, "काय झालं रे भागू? जिंकला की हरला?" मी म्हणालो, "माहीत नाही. कोकिळा तुला बोलावते."

झोका थांबायची आईने वाट बघितली नाही. तशीच उडी मारली, गुडघ्यावर पडली, उठली, चपला तिथेच टाकून सालपटांवरून घसरत पुढे पळत सुटली, आणि मी तिच्या मागे.